टास्कर सेटिंग्ज आणि मॅक्रोड्रॉइड हेल्पर: लपलेली सेटिंग वाचणारी अ‍ॅप नेमकी कुठे अडतात

टास्कर सेटिंग्ज आणि मॅक्रोड्रॉइड हेल्पर या दोन छोट्या अ‍ॅपबद्दल एकच तक्रार सतत ऐकू येते: टाकलं, परवानगीही दिली, तरी चालत नाही. दोन्ही अ‍ॅप फुकट आहेत, फोनची कामं आपोआप करून घेणार्‍या टास्कर आणि मॅक्रोड्रॉइड या आपापल्या मुख्य अ‍ॅपला जोडून चालतात आणि जे करायचं ते नीट करतात, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण 'चालत नाही' या एका वाक्यात चार वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. अ‍ॅप बसतच नाही, बसतं पण सेटिंग वाचत नाही, वाचतं पण बदल झाल्याचं कळवत नाही, किंवा सेटिंग लिहितं पण फोनवर परिणाम होत नाही. चौघांची कारणं निरनिराळी आणि उपायही निरनिराळे. आपला बिघाड कुठला हे आधी ठरवलं, तर दुरुस्ती बहुतेक वेळा चहा निवायच्या आत होते.

ही हेल्पर अ‍ॅप मुळात का लागतात, ते आधी पाहू. अँड्रॉइडची सेटिंग तीन तक्त्यांत असतात: सिस्टिम, सिक्युअर आणि ग्लोबल. ग्लोबल हा तक्ता अँड्रॉइड 4.2 पासून आला. अँड्रॉइड 11 पर्यंत कुठलंही अ‍ॅप या तक्त्यांतली जवळजवळ कुठलीही ओळ वाचू शकत होतं. अँड्रॉइड 12 मध्ये गूगलने नियम आणला: जे अ‍ॅप स्वतःला एपीआय 31 (अँड्रॉइडच्या आवृत्त्यांचा आतला क्रमांक; 31 म्हणजे अँड्रॉइड 12) किंवा त्यापुढच्या पातळीचं म्हणवतं, त्याला अँड्रॉइडने अंतर्गत म्हणून राखलेली सेटिंग वाचता येणार नाहीत, गूगलने मुद्दाम मोकळी ठेवलेली तेवढीच वाचता येतील. दुसरीकडे प्ले स्टोअरचा आग्रह असा, की अ‍ॅप नव्या पातळीचंच हवं; 31 ऑगस्ट 2024 पासून नव्या अ‍ॅपना आणि अपडेटना एपीआय 34 सक्तीचं झालं. म्हणजे प्ले स्टोअरवर राहायचं तर वाचता येत नाही आणि वाचायचं तर प्ले स्टोअरवर राहता येत नाही. तोडगा असा निघाला, की मुख्य अ‍ॅप नव्या पातळीवर ठेवायचं आणि वाचायचं काम जुन्या पातळीच्या एका वेगळ्या अ‍ॅपकडे द्यायचं, जे निर्मात्याच्या स्वतःच्या पानावरून उतरवून घ्यावं लागतं. टास्करचं हेल्पर गिटहबवर मिळतं. वाय-फाय चालू-बंद करणं अँड्रॉइड 10 पासून आणि ब्लूटूथ चालू-बंद करणं अँड्रॉइड 13 पासून असंच नव्या पातळीच्या अ‍ॅपच्या हातून गेलं. ती कामंही म्हणूनच हेल्परकडे येतात.

एक बारकावा इथेच सांगायला हवा, कारण त्याने पुष्कळ जण गोंधळतात. ही बंदी अँड्रॉइडच्या स्वतःच्या यादीतल्या नावांना लागते. फोन बनवणार्‍या कंपनीने तक्त्यात आपल्या मनाने घातलेली नावं त्या यादीत नसली, तर मुख्य अ‍ॅपलाही वाचता येतात. त्यामुळे एकाच फोनवर एक सेटिंग हेल्परशिवाय वाचलं जातं आणि दुसरं जात नाही. यात बिघडलेलं काही नाही.

बसतच नाही

अँड्रॉइड 14 पासून एपीआय 23 च्या खालचं अ‍ॅप फोन बसवून घेत नाही आणि अँड्रॉइड 15 मध्ये ही मर्यादा 24 झाली. जुन्या कुठल्यातरी संग्रहातून उतरवलेली एपीके, म्हणजे अ‍ॅपची फाइल, असेल, तर 'अ‍ॅप तुमच्या फोनशी सुसंगत नाही' अशा अर्थाची पाटी येते. पहिला उपाय साधा आहे: निर्मात्याच्या पानावरून सर्वांत नवी आवृत्ती घ्या. जुनीच हवी असेल, तर एडीबी या संगणकावरून फोनला आज्ञा देणार्‍या साधनाच्या इन्स्टॉल आज्ञेला 'बायपास-लो-टार्गेट-एसडीके-ब्लॉक' हा पर्याय दोन आडव्या रेघांनंतर जोडून ती बसवता येते.

पण जुनी कोणाला का हवी असेल? कारण खरं आहे. एपीआय 22 पर्यंतच्या अ‍ॅपला सिस्टिम तक्त्यात कंपनीची खासगी नावंही लिहिता येतात. 23 पासून पुढच्या अ‍ॅपने तसं केलं की अँड्रॉइड सरळ चूक फेकतं. तुम्हाला फक्त वाचायचं आणि लक्ष ठेवायचं असेल, तर या भानगडीत पडू नका, नवी आवृत्ती पुरते.

सॅमसंगच्या फोनवर ऑटो ब्लॉकर चालू असेल, तर बाहेरून आणलेलं अ‍ॅपही बसत नाही आणि यूएसबीवरून दिलेल्या आज्ञाही पोचत नाहीत. वन यूआय 6.1.1 पासून तो नव्या फोनवर आधीच चालू येतो. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी अँड प्रायव्हसीत जाऊन काम होईपर्यंत बंद करा आणि मग पुन्हा चालू करा. प्ले प्रोटेक्टची 'हे अ‍ॅप जुन्या अँड्रॉइडसाठी बनवलं आहे' ही सूचना मात्र या अ‍ॅपच्या बाबतीत अपेक्षितच आहे.

बसवल्यावर हेल्पर एकदा हाताने उघडा. अँड्रॉइडमध्ये नवं बसवलेलं अ‍ॅप कोणी उघडेपर्यंत थांबवलेल्या अवस्थेत असतं आणि फोन सुरू झाल्याची हाक त्याच्यापर्यंत जात नाही. एवढी साधी गोष्ट राहून गेल्याने रीस्टार्टनंतर गप्प बसलेली हेल्पर अ‍ॅप फार आढळतात.

वाचायला परवानगी लागत नाही

हे वाक्य ठळक करून ठेवण्यासारखं आहे. सेटिंग वाचायला आणि त्यावर नजर ठेवायला कुठलीही खास परवानगी लागत नाही. केबल, संगणक, एडीबी हा सगळा खटाटोप सिक्युअर आणि ग्लोबल तक्त्यांत लिहिण्यासाठी असतो. सिस्टिम तक्त्यातली नेहमीची सेटिंग लिहायला 'मॉडिफाय सिस्टिम सेटिंग्ज' ही परवानगी फोनवरूनच देता येते. 'वाचत नाही म्हणून पुन्हा परवानगी दिली' हा उपाय त्यामुळे कधीच लागू पडत नाही.

वाचलं जात नसेल तर बघायच्या गोष्टी वेगळ्या. सगळ्यांत आधी तक्ता. रात्रीचा पिवळसर पडदा, म्हणजे नाइट_डिस्प्ले_अ‍ॅक्टिव्हेटेड, सिक्युअरमध्ये आहे. डू नॉट डिस्टर्बचं झेन_मोड ग्लोबलमध्ये. पडदा किती वेळाने विझावा हे सांगणारं स्क्रीन_ऑफ_टाइमआउट सिस्टिममध्ये. तक्ता चुकला की उत्तर 'नल', म्हणजे काहीच नाही, असं येतं आणि ते चुकीच्या नावाच्या उत्तरासारखंच दिसतं. नाव टाइप करताना सगळी इंग्रजी अक्षरं लहान, शब्दांमध्ये अंडरस्कोर, शेवटी रिकामी जागा नाही. मोबाइलचा कीबोर्ड स्वतःहून पहिलं अक्षर मोठं करतो आणि शब्दानंतर जागा सोडतो. निम्म्या 'नल' त्यातूनच येतात.

'नल'चा तिसरा अर्थही असतो: त्या सेटिंगला अजून कोणी हातच लावलेला नाही. पुष्कळ ओळी पहिल्यांदा बदल होईपर्यंत तक्त्यात तयारच होत नाहीत. तोवर फोन आपल्या पोटातली ठरलेली किंमत वापरतो. प्रायव्हेट_डीएनएस_स्पेसिफायर याचं चांगलं उदाहरण आहे: प्रायव्हेट डीएनएसमध्ये तुम्ही एखादा पत्ता भरेपर्यंत तिथे काहीच नसतं. म्हणून मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारी क्रमवार कामं, लिहिताना 'शून्य असेल तर' अशी अट घालून थांबू नका, 'शून्य किंवा नल असेल तर' अशी घाला.

नाव माहीत नसेल तर शोधायची पद्धत एकच आहे आणि ती प्रत्येकाने शिकावी अशी आहे. संगणकावर एडीबी असेल तर आज्ञा अशी: एडीबी शेल सेटिंग्ज लिस्ट सिक्युअर. हे पाच शब्द इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये एकेक जागा सोडून. पुढे 'मोठं आहे'ची खूण (>) आणि फाइलचं नाव दिलं की यादी फाइलमध्ये उतरते. तशीच ग्लोबल आणि सिस्टिमची घ्या. मग फोनवर जाऊन हवं ते बटण एकदाच फिरवा, दुसरं काही करू नका आणि लगेच तिन्ही याद्या पुन्हा घ्या. विंडोजवर एफसी आणि लिनक्स किंवा मॅकवर डिफ ही आज्ञा दोन फाइलमधला फरक दाखवते. काही ओळी वेळेचे शिक्के असल्याने आपोआप बदलतात. बटण उलट फिरवून तिसर्‍यांदा यादी घेतली, की जी ओळ पुन्हा पहिल्या किमतीवर आली ती तुमची. संगणक नसेल तर सेटएडिटसारख्या अ‍ॅपमध्ये तिन्ही तक्ते नुसते पाहता येतात, पण फरक डोळ्यांनी शोधावा लागतो. तीनचारशे ओळींत ते काम जिकिरीचं आहे.

फरक सापडलाच नाही तर? मग ते सेटिंग या तक्त्यांत नाहीच. बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळलेल्या अ‍ॅपची यादी, अ‍ॅपना दिलेल्या परवानग्या, सिस्टिम प्रॉपर्टी, कंपनीच्या अ‍ॅपने स्वतःच्या पोटात ठेवलेल्या गोष्टी, हे सगळं दुसरीकडे असतं. कुठलंही हेल्पर अ‍ॅप तिथलं वाचून देणार नाही. त्याला त्यासाठी वाईट रेटिंग देणं अन्यायाचं आहे.

नाव बरोबर, तक्ता बरोबर, एडीबीवर किंमत दिसते आणि तरीही मॅक्रोत येत नाही, असं असेल तर एडीबी लॉगकॅट (फोनच्या आतल्या नोंदी दाखवणारी आज्ञा) चालू ठेवून मॅक्रो चालवा आणि 'इज नॉट रीडेबल' हे शब्द शोधा. ते दिसले तर वाचायचा प्रयत्न मुख्य अ‍ॅपने स्वतः केला, हेल्परकडे काम गेलंच नाही. अशा वेळी दोन्ही अ‍ॅपच्या आवृत्त्या नव्या करा, हेल्परवरची बॅटरीची बंधनं काढा आणि मुख्य अ‍ॅप एकदा फोर्स स्टॉप करून पुन्हा उघडा.

पुण्यातल्या हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या आयटी कंपन्यांच्या भागांतल्या वाचकांना एक गोष्ट हमखास लागू पडेल. ऑफिसचं ईमेल चालावं म्हणून फोनवर वर्क प्रोफाइल असतं. ते अँड्रॉइडच्या दृष्टीने वेगळा वापरकर्ता असतं. ग्लोबल तक्ता सगळ्या फोनचा एक, पण सिस्टिम आणि सिक्युअर प्रत्येक वापरकर्त्याचे वेगळे. हेल्पर एका बाजूला आणि मुख्य अ‍ॅप दुसर्‍या बाजूला बसलं, तर दोघं एकमेकांना दिसत नाहीत. शाओमीच्या सेकंड स्पेसचं तसंच. एडीबीवर बघताना सेटिंग्ज या शब्दानंतर दोन रेघा, यूजर आणि शून्य असं लिहिलं की मुख्य वापरकर्त्याचीच किंमत मिळते आणि संशय मिटतो.

नजर ठेवायला सांगितलं, पण उशिरा कळतं

मॅक्रोड्रॉइडमध्ये सिस्टिम सेटिंग बदलल्यावर चालणारा ट्रिगर आहे, टास्करमध्ये कस्टम सेटिंग आहे. दोन्हींच्या मागे अँड्रॉइडची एकच यंत्रणा काम करते. ती 'अमुक ओळ बदलली' एवढंच कळवते. नवी किंमत काय, हे अ‍ॅपला पुन्हा वाचून घ्यावं लागतं. म्हणून वाचण्याची अडचण आधी सोडवल्याशिवाय नजर ठेवण्याची अडचण तपासू नये.

सर्वाधिक तक्रार उशिराची असते आणि तिचं कारण फारसं कोणाला ठाऊक नसतं. अँड्रॉइड 11 पासून जे अ‍ॅप पार्श्वभूमीत आहे, त्याला अशी सूचना 10 सेकंद थांबवून दिली जाते. मॅक्रो बरोबर दहा-अकरा सेकंदांनी चालत असेल, तर तो हाच नियम समजा. उपाय आहे: मुख्य अ‍ॅपची कायमची नोटिफिकेशन चालू ठेवा. तिच्यामुळे अ‍ॅपला फोरग्राउंड सेवेचा, म्हणजे समोर चालू असल्यासारखा, दर्जा मिळतो आणि तो दर्जा असलेल्या अ‍ॅपला सूचना लगेच मिळते. ती नोटिफिकेशन नकोशी वाटते म्हणून बंद करणारे बरेच आहेत. हवी तर तिला सायलेंट करा, पण अ‍ॅपमधून सेवा बंद करू नका. अँड्रॉइड 13 पासून क्विक सेटिंग्जच्या तळाशी चालू अ‍ॅपची यादी येते आणि तिथे 'स्टॉप' हे बटण असतं. 'बॅटरी वाचवायला' म्हणून घरातल्या कोणी ते दाबलं की सगळं अ‍ॅप बंद पडतं, नुसती नोटिफिकेशन जात नाही.

मुळीच कळत नसेल, तर बहुतेक वेळा फोन कंपनीची बॅटरी राखणारी यंत्रणा आड आलेली असते. शाओमी, रेडमी, पोकोवर मुख्य आणि हेल्पर दोघांनाही ऑटोस्टार्ट द्यायचं आणि बॅटरी सेव्हरमध्ये 'नो रिस्ट्रिक्शन्स' निवडायचं. सॅमसंगवर दोघांना 'नेव्हर स्लीपिंग अ‍ॅप्स'मध्ये टाकायचं. दोघांनाही, हे महत्त्वाचं. लोक मुख्य अ‍ॅपला सगळं देतात आणि हेल्परला विसरतात, कारण हेल्पर रोजच्या वापरात उघडलंच जात नाही. त्याच कारणाने हेल्परच्या अ‍ॅप इन्फोमधलं 'न वापरल्यास थांबवा' हेही बंद करून ठेवा.

तीच किंमत पुन्हा लिहिली गेली तर बदल झाला असं धरलं जात नाही आणि सूचना येत नाही, हेही लक्षात असू द्या. चाचणी करताना 1 च्या जागी पुन्हा 1 लिहून 'ट्रिगर चालत नाही' असा निष्कर्ष काढू नये. उलट टोकाची चूक म्हणजे ज्या सेटिंगवर नजर आहे तेच सेटिंग त्याच मॅक्रोत बदलणं. किंमत दोन टोकांत फिरत राहिली तर मॅक्रो स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावतो आणि फोन तापतो. लिहिण्याआधी 'आधीच हवी ती किंमत आहे का' ही अट घातली की फेरा तुटतो.

मोठ्या सोसायट्यांच्या गेटवर पाहुण्यांची नोंद करायला टॅब असतो. त्याचा पडदा विझू नये म्हणून ही जोडी चांगली कामाला येते. ग्लोबलमधलं स्टे_ऑन_व्हाइल_प्लग्ड_इन हे सेटिंग बेरजेने चालतं: चार्जरसाठी 1, यूएसबीसाठी 2, वायरलेससाठी 4, तिन्हींसाठी 7. कोणीतरी डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बदललं, तर लगेच कळतं आणि परत 7 करता येतं. पण गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली, टॅबची बॅटरी संपली आणि तो बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर? पिन लावलेला असेल तर कोणी तो टाकेपर्यंत अ‍ॅपचा साठा कुलूपबंद राहतो आणि फोन सुरू झाल्याची नेहमीची हाकही तोवर जात नाही. वॉचमनला पिन ठाऊक नसेल तर संध्याकाळपर्यंत काहीच चालणार नाही. अशा टॅबवर कुलपाचा पिन न ठेवता पडदा एका अ‍ॅपपुरता बांधून ठेवणं (स्क्रीन पिनिंग) जास्त सोयीचं.

लिहायची परवानगी: केबलपासून सुरुवात

सिक्युअर आणि ग्लोबलमध्ये लिहायचं असेल, तर 'राइट सिक्युअर सेटिंग्ज' ही परवानगी संगणकावरून द्यावी लागते आणि तिथली पहिली अडचण केबलची असते. चार्जिंगच्या स्वस्त केबलमध्ये नुसत्या दोनच तारा असतात. फोन चार्ज होतो, पण संगणकाला दिसत नाही. पुण्याच्या तापकीर गल्लीत केबल घेताना 'डेटा केबल' असं स्पष्ट सांगा आणि शक्य असेल तर तिथेच फोन लॅपटॉपला जोडून फाइल ट्रान्सफरचा पर्याय येतो का, ते पाहून घ्या.

पुढची पायरी: अबाउट फोनमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप, मग डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू. शाओमीवर बिल्ड नंबरच्या जागी एमआययूआय किंवा ओएसच्या आवृत्तीवर टॅप करायचं. एडीबी डिव्हायसेस ही आज्ञा दिली की फोनचा क्रमांक दिसायला हवा. त्यापुढे 'अनऑथोराइज्ड' असेल तर फोनचा पडदा उघडून परवानगीच्या चौकटीला होकार द्या. यादी रिकामी असेल तर केबल बदला.

हेल्परचं पॅकेज नाव अंदाजाने लिहू नका. एडीबी शेल पीएम लिस्ट पॅकेजेस या आज्ञेने सगळी नावं येतात, त्यातून टास्कर किंवा मॅक्रोड्रॉइड शोधा आणि जसंच्या तसं उचला. मग एडीबी शेल पीएम ग्रँट, पुढे पॅकेजचं नाव, पुढे अँड्रॉइड, टिंब, परमिशन, टिंब आणि मोठ्या अक्षरांत राइट_सिक्युअर_सेटिंग्ज. काम झालं तर पडद्यावर काहीच येत नाही. तीच यशाची खूण. लिहिण्याचं काम मुख्य अ‍ॅप करतं की हेल्पर, हे क्रियेनुसार बदलू शकतं. म्हणून दोघांनाही परवानगी देऊन ठेवा.

चुका आल्या तर त्यांचा अर्थ असा. 'अननोन पॅकेज' म्हणजे नाव चुकलं. 'हॅज नॉट रिक्वेस्टेड परमिशन' म्हणजे त्या अ‍ॅपने ही परवानगी कधी मागितलेलीच नाही. चुकीचं अ‍ॅप किंवा चुकीची आवृत्ती आहे. 'नायदर यूजर 2000 नॉर करंट प्रोसेस' असं लांबलचक वाक्य आलं, तर फोन कंपनीचं जादा कुलूप आहे. शाओमीवर त्यासाठी डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी डीबगिंग' या नावाचं सिक्युरिटी सेटिंग्जवालं दुसरं बटण असतं आणि ते चालू करायला शाओमीचं खातं लागतं. ओप्पो, रियलमी, वनप्लसवर 'डिसेबल परमिशन मॉनिटरिंग' चालू करायचं.

संगणक आहे पण केबल नाही, तर अँड्रॉइड 11 पासून वायरलेस डीबगिंग आहे. सहा आकडी कोड टाकून जोडणी होते. इथे हमखास फसगत होते ती पोर्टची: जोडणीच्या चौकटीतला पोर्ट वेगळा, नंतर कनेक्ट करताना लागणारा पोर्ट वेगळा. पीजी, होस्टेल आणि ऑफिसच्या वाय-फायवर अनेकदा दोन उपकरणांना एकमेकांशी बोलू दिलं जात नाही; तिथे हे जमणारच नाही. मित्राच्या फोनचा हॉटस्पॉट घ्या, आपला फोन आणि लॅपटॉप दोन्ही त्यावर जोडा.

परवानगी एकदा दिली की रीस्टार्टनंतर आणि अपडेटनंतरही टिकते, अ‍ॅप काढून पुन्हा बसवलं तर जाते. काम झाल्यावर डेव्हलपर ऑप्शन्स बंद करा, परवानगी तशीच राहते. बँकांची काही अ‍ॅप डेव्हलपर ऑप्शन्स किंवा डीबगिंग चालू दिसलं की उघडायला नकार देतात, त्यामुळे ते बंद ठेवणंच शहाणपणाचं. एडीबीचे अधिकार इतर अ‍ॅपना मिळवून देणार्‍या शिझुकू या अ‍ॅपवर विसंबून असाल तर मात्र रूट (फोनचा पूर्ण ताबा) नसलेल्या फोनवर रीस्टार्टनंतर सहसा त्याला नव्याने सुरू करावं लागतं.

लिहिलं, पण फोन हललाच नाही

ग्लोबलमध्ये एअरप्लेन_मोड_ऑन ला 1 केलं, तक्त्यात 1 दिसलं, पण फोनची रेंज तशीच. मोबाइल_डेटाचंही तेच. मीटरचा काटा हाताने फिरवला म्हणून घरातला पंखा सुरू होत नाही, तसं आहे हे: त्या ओळी फोनच्या स्थितीची नोंद आहेत, हुकूम नाहीत. खरा हुकूम वेगळा असतो आणि तो साध्या अ‍ॅपला देता येत नाही. अँड्रॉइड 11 पासून शेलमध्ये सीएमडी कनेक्टिव्हिटी एअरप्लेन-मोड आणि पुढे इनेबल ही आज्ञा चालते. मोबाइल डेटासाठी एसव्हीसी डेटा इनेबल. दोन्ही एडीबी किंवा शिझुकूच्या वाटेने द्याव्या लागतात.

जी सेटिंग लिहिल्याबरोबर लागू होतात तीही पुष्कळ आहेत. अ‍ॅनिमेशनचे तीन वेग, कृष्णधवल पडदा, पडद्याची वेळ मिलिसेकंदांत, म्हणजे अर्ध्या मिनिटासाठी 30000. प्रायव्हेट_डीएनएस_मोडला ऑफ, ऑपर्च्युनिस्टिक किंवा होस्टनेम यांपैकी एकच शब्द चालतो.

सर्वांत जास्त काळजी एनेबल्ड_अ‍ॅक्सेसिबिलिटी_सर्व्हिसेस या सिक्युअरमधल्या ओळीची घ्यायला हवी. घरातल्या वयस्कर माणसांच्या फोनवर पडदा वाचून दाखवणारी सेवा अचानक बंद पडते, तेव्हा हीच ओळ बदललेली असते. त्यावर नजर ठेवणं हा हेल्परचा आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा उपयोग आहे. पण परत लिहिताना सावध राहा. या ओळीत सगळ्या चालू सेवांची नावं कोलनने जोडून एकापुढे एक असतात. नुसतं एक नाव लिहिलंत तर बाकीच्या सगळ्या सेवा त्या क्षणी बंद होतात. आधी वाचा, त्यात आपलं नाव आहे का पाहा, नसेल तर शेवटी कोलन देऊन जोडा आणि मग लिहा.

याच ताकदीमुळे हेल्परची एपीके कुठून आली याला फार महत्त्व आहे. ही परवानगी मिळालेलं अ‍ॅप स्वतःहून एखादी अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवा चालू करू शकतं आणि ती सेवा पडद्यावरचं सगळं वाचू शकते. आरटीओच्या चलनाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणार्‍या एपीकेंनी लोकांची खाती रिकामी केली आहेत. 'मॉड' केलेलं टास्कर फुकट देणार्‍या चॅनेलवरून हेल्पर घेणं त्याहून कमी धोक्याचं नाही. निर्मात्याच्या पानाशिवाय कुठूनही घेऊ नका, ओळखीच्या माणसाने पाठवलं असलं तरी.

कोणी कुठलं घ्यावं

घरच्यांच्या फोनवर एक-दोन गोष्टींवर नजर ठेवायची असेल तर मॅक्रोड्रॉइड आणि त्याचं हेल्पर. फुकट आवृत्तीत पाच मॅक्रो आणि जाहिराती मिळतात. एवढ्या कामाला पाच पुरतात. टास्कर एकदाच पैसे देऊन घ्यायचं असतं, शिकायला वेळ लागतो, पण वाचलेल्या किमतीवर पुढे गुंतागुंतीचं काही करायचं असेल तर त्याला तोड नाही. आज्ञा चुकल्यावर दुरुस्त करण्याचा कंटाळा असेल तर टास्करकडे वळू नका.

दोन्ही हेल्परकडून एक अपेक्षा आहे. वाचन नाकारलं गेलं, की ओळ तक्त्यात नव्हती, की फोनने हेल्परलाच झोपवलं होतं, हा फरक वापरणार्‍याला लॉगकॅटशिवाय कळायला हवा. आज तो शोधण्यासाठी वरची सगळी वाट चालावी लागते.

कंपनीने दिलेल्या आणि कंपनीच्याच ताब्यातल्या फोनवर डेव्हलपर ऑप्शन्स आणि बाहेरची अ‍ॅप दोन्ही बंद केलेली असू शकतात. तिथे हेल्पर बसणार नाही आणि बसवायचा प्रयत्नही करू नये. ऑफिसच्या आयटी विभागाला विचारा. फक्त मुख्य अ‍ॅप प्ले स्टोअरवरून घ्यायची मुभा असेल, तर झेन_मोड आणि स्क्रीन_ऑफ_टाइमआउट यांसारखी मोकळी सेटिंग त्यातून हेल्परशिवायही वाचता येतात.